भिंतीपलीकडची हलिमा

देरा, दुबई
८ ऑगस्ट १९६५

चि. शहरबानू हीस मुनीरभाईचा सलाम आणि अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र परवा मिळालं. ऑगस्ट महिन्यात तू तिकडे विलायतेत थंडीची तक्रार करतेस! इकडे आम्ही गच्चीवर चादर भिजवून पांघरतो आणि ती सुकायच्या आत झोप लागावी म्हणून अल्लाची करुणा भाकतो. तुझी थोडी थंडी पाकिटात घालून पाठव, इथली ऊब हवी तेवढी घेऊन जा.

माझं बरं चाललं आहे. गोदीवरच्या कचेरीत दिवसभर अरबी मुकादमाचं 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, उरका, ऐकायचं, मालाची तपासणी करायची आणि संध्याकाळी होडीने खाडी ओलांडून खोलीवर यायचं. मागच्या आठवड्यात साहेबाबरोबर जीपने खोर फक्कानला गेलो होतो. डोंगरातल्या वाटेने हाडं खिळखिळी झाली. पण पलीकडे उतरल्यावर समुद्र दिसला आणि दाभोळचीच आठवण आली. ताजा बांगडा भाजून खाल्ला. तुझी आठवण काढली, पण बांगडा मात्र ठेवला नाही.

खोलीत माझ्याबरोबर आता आपला मामेभाऊ खैरुद्दीन आहे. सत्तेचाळीसनंतर तो चुलत्यासोबत कराचीला गेला तेव्हा तू अगदी लहान होतीस. बायकोमुलं कराचीत, आई, म्हणजे आपली मरियमबी मामी, दाभोळात, आणि हा इथे माझ्या शेजारच्या गादीवर! घोरतो मात्र अस्सल दाभोळकरासारखा.

आता कामाचं. अम्माचा जीव तुझ्यात अडकला आहे. गेल्या वर्षी तू घरात एकटी होतीस, नर्सबाईला वेळेवर बोलावणारं कुणी नव्हतं आणि बाळ हातचं गेलं. ते आठवून ती प्रत्येक पत्रात मला एकच विचारते, की ह्या खेपेस बानूजवळ बाईमाणूस कोण असणार? मी तिला काय कळवू? ऑक्टोबर फार लांब नाही. खुलासेवार लिही.

तुझ्या यजमानांना, बदरुद्दीनना, माझा सलाम सांग. थोरल्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मुनीरभाई


ब्लॅकबर्न
२० ऑगस्ट १९६५

ती. मुनीरभाई यांस धाकट्या बहिणीचा सलाम.

वि. वि. अम्माला आजच कळवा, की बानूजवळ हलिमाआपा असणार. काळजी खलास.

आमच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एकच आहे. त्या पाकिस्तानातल्या झेलमकडच्या. त्यांचे यजमान जहूरभाई आमच्याच गिरणीत, ह्यांच्याच साळखात्यात विणकर आहेत. फक्त हे दिवसपाळीला आणि ते रातपाळीला. मागच्या वर्षी माझं ते दुःख झालं त्यानंतर दोन महिन्यांनी ही मंडळी शेजारी राहायला आली. मी कुणाशी बोलत नव्हते, जेवत नव्हते. एके दिवशी ही बाई मागच्या दाराने सरळ आत आली, चूल पेटवली, माझ्यासमोर रोट्या ठेवल्या आणि मी खाईपर्यंत उठली नाही. तिची पंजाबी मला कळेना, माझी मोडकी उर्दू ऐकून तिला हसू आवरेना. पण भाई, त्या दिवसापासून मी पुन्हा माणसात आले. अल्लाने ती भिंत मुद्दाम पातळ बांधवून घेतली असावी.

तिला इंग्रजी चांगलं येतं. दवाखान्यात माझ्या वतीने तीच डॉक्टरांशी बोलते. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यातून नर्सबाईला कसं बोलवायचं ते तिला ठाऊक आहे. मला ते काळं यंत्र बघूनच घाम फुटतो. तिची तीन मुलं आहेत. आपण उर्दूत विचारावं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यावं, असा सगळा मामला.

आमच्या मागच्या गल्लीत कपड्यांची दोरी एका घराच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत बांधतात. आम्ही दोघी एकाच दोरीवर कपडे वाळत घालतो आणि पाऊस आला की जी आधी बघेल ती दोन्ही घरचे कपडे काढते. परवा ह्यांचा सदरा जहूरभाई घालून गेले आणि त्यांचा पायजमा ह्यांच्या पेटीत निघाला. दोघं तासभर हसत होते.

मी जे कमावलं ते एवढंच, आणि ते पुष्कळ आहे. तुमची माया अशीच इकडे वाहत राहो.

तुमची,
बानू


ब्लॅकबर्न
१३ सप्टेंबर १९६५

ती. मुनीरभाई यांस बानूचा सलाम.

वि. वि. हे पत्र ह्यांच्या नकळत लिहीत आहे.

तिकडे हिंदुस्थान-पाकिस्तानची लढाई पेटली ती तुम्हांला माहीतच आहे. ती इथे आमच्या गल्लीतही येऊन पोचली. गिरणीच्या उपाहारगृहात गेल्या सोमवारी पाळी बदलताना बातम्यांवरून बोलणं निघालं. कुणी एक पाकिस्तानवाला ह्यांना म्हणाला, की तुम्ही हिंदुस्थानातले मुसलमान म्हणजे ना घरचे ना घाटचे. जहूरभाई तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. परक्याच्या बोलण्यापेक्षा ह्यांना ते गप्प राहणं जास्त लागलं. मग ह्यांची जीभ सुटली. तुमची फौज लाहोर तरी राखते का बघा, असं काहीसं म्हणाले. जहूरभाईंचा सख्खा धाकटा भाऊ त्या फौजेत आहे आणि त्याचं पत्र नाही. ते उठले, आणि पुन्हा ह्या माणसाशी बोलणार नाही अशी शपथ घेतली. ह्यांनीही लगेच घेतली. शपथ घ्यायला काय, कुणीही घेतो.

जुम्म्याची नमाज इथले सगळे पुरुष एका घरच्या पुढच्या खोलीत पढत होते. आता हिंदुस्थानवाले दुसऱ्या घरी जातात. दोरी जहूरभाईंनी त्यांच्या बाजूने सोडली. आमचे कपडे स्वयंपाकघरात टांगलेले आहेत आणि मी त्यांतून वाट काढत पोळ्या करते.

ह्यांनी मला बजावलं आहे, की त्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही आणि तिलाही आपल्या घरात घ्यायचं नाही. वेळ आली की गिरणीतल्या एखाद्या इंग्रज बाईला सांगू म्हणतात. अद्याप कुणालाही सांगितलेलं नाही. हे दिवसभर कामावर. टेलिफोन मला येत नाही. आणि ह्या वेळी बाळ पोटात असं काही लाथा मारतं, की मी त्याला सांगते, अरे थांब जरा, बाहेर कुणाचं कुणाशी बोलणं नाही.

भिंतीपलीकडे हलिमाआपा भांडी घासते तेव्हा मी माझीही भांडी घासायला घेते. तेवढीच सोबत. भाई, मला मागच्या वर्षीसारखं एकटं पडायचं नाही. मला फार भीती वाटते. तुमचं हे ऐकतात. काहीतरी करा.

तुमच्या आधाराच्या आशेवर,
बानू


देरा, दुबई
२२ सप्टेंबर १९६५

श्री. बदरुद्दीन यांस मुनीरचा सलाम.

वि. वि. बानूने मला पत्र लिहिलं, म्हणून तिच्यावर रागावू नका. रागवायचंच तर माझ्यावर रागवा. मी लांब आहे, मला लागणार नाही.

तुम्हांला तो माणूस जे बोलला ते ऐकून माझंही रक्त तापलं. आपण दाभोळचे. आपले वाडवडील तिथल्याच मातीत आहेत. आपलं घर कोणतं हे दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही. तुम्ही चिडलात ह्यात मला नवल वाटत नाही.

आता आमच्याकडचं ऐका. खालच्या इराण्याच्या चहाच्या दुकानात एका बाकावर हिंदुस्थानवाले आणि दुसऱ्या बाकावर पाकिस्तानवाले बसू लागले. एकाला आकाशवाणी हवी, दुसऱ्याला कराची. रोज रेडिओच्या खुंटीवरून हातघाई. शेवटी इराणी म्हणाला, खलास, माझ्या दुकानात आता फक्त कैरो लागेल. गेले काही दिवस सगळे मुकाट्याने न कळणारी गाणी ऐकत चहा पितात.

पण आमच्या खोलीत बाक एकच आहे. कराचीवर बॉम्ब पडल्याची बातमी आली त्या दिवशी खैरुद्दीन जेवला नाही. मी त्याला काय सांगणार होतो? बॉम्ब आमचे होते, बदरुद्दीन, आणि पोरं त्याची होती. त्याची पोरं म्हणजे माझे पुतणे. मीही जेवलो नाही. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोची तार आली, सगळे खुशाल. कराचीहून दाभोळला टपाल बंद आहे, म्हणून मामीला मी माझ्या नावाने तार केली. आता तुम्ही सांगा, ह्याच्या पासपोर्टाचा रंग बघून मी माझी गादी कुठे सरकवू?

जहूर तुमच्या बाजूने बोलला नाही, हे खरं. त्याचा भाऊ रणांगणावर होता, हेही खरं. भांडण तुमचं आहे, तुम्ही ते खुशाल चालू ठेवा. मी तुमच्यापाशी एकच मागतो. बाळंतपणाच्या दिवशी हलिमाबाईंना घरात येऊ द्या. त्या दिवसापुरतं दार उघडा, नंतर वाटलं तर पुन्हा लावा. दुसऱ्यांदा ते दुःख माझ्या बहिणीने सोसावं एवढा मोठा कोणताही देश नाही.

आज लढाई थांबल्याची बातमी आहे. आपणही थांबूया. थोरलेपणाने बोललो, ते पोटात घालावं आणि जिव्हाळा राखावा.

आपला,
मुनीर


ब्लॅकबर्न
१० ऑक्टोबर १९६५

ती. मुनीरभाई यांस बदरुद्दीनचा शतशः सलाम.

वि. वि. आधी बातमी. शुक्रवारी, पहिल्या तारखेला, आम्हांला मुलगी झाली. बानू सुखरूप आहे. मुलगी अंगाने बारीक पण आवाजाने पुरी. अम्मांना तार केली आहे. नाव तुम्ही आणि खैरुद्दीनने मिळून कळवायचं, अशी बानूची आज्ञा आहे.

तुमचं पत्र मी वाचलं आणि घड्याळामागे ठेवून दिलं. बानूलाही ते दाखवलं नाही. बाळंतपणाला अजून अवकाश आहे असं मी धरून चाललो होतो.

शुक्रवारी सकाळी मी कामावर गेलो आणि मागोमाग तिला कळा सुरू झाल्या. तिने माझी परवानगी घेतली नाही. लाटणं घेतलं आणि भिंतीवर ठोकलं. हलिमाभाभी पिठाच्या हातांनी आल्या, तिला निजवलं, धावत जाऊन नर्सबाईला टेलिफोन केला. जहूर नुकताच रातपाळी करून घरी आला होता, जोडे काढत होता. भाभींनी त्याला काय सांगितलं मला ठाऊक नाही. त्याने जोडे पुन्हा घातले.

साळखात्यात मागांचा आवाज एवढा असतो, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही सगळे तिथे हातांनीच बोलतो. मी धोटा बदलत होतो, समोर बघतो तर जहूर! मी मान फिरवली. तो पुढे आला, दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला आणि दाराकडे बोट दाखवलं. शपथ त्याने मोडली नाही. तोंडातून शब्द काढला नाही. पण माग सोडून जायला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, परवानगी देत नाही, बदली माणूस लागतो. जहूरने माझ्या हातातला धोटा काढून घेतला, मला खांद्याने बाजूला सारलं आणि माझ्या मागांवर उभा राहिला. रात्रभर उभा राहिलेला माणूस, भाऊ जिवंत आहे की नाही ह्याची आजही खबर नसलेला माणूस, माझी पाळी करायला उभा राहिला. मी धावत सुटलो.

दुपारच्या आत मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती. नर्सबाई म्हणाल्या, बोलावणं थोडं उशिरा आलं असतं तर त्यांच्याही हाती काही उरलं नसतं. मी जिन्यावर बसून रडलो. मुनीरभाई, मी दार बंद केलं होतं. तिने भिंत ठोकली म्हणून आज आम्हांला मूल आहे.

हलिमाभाभींनी मुलीला न्हाऊमाखू घालून माझ्या हातात दिलं आणि कानात अजान द्यायला सांगितलं. मी हातपाय धुऊन वजू केला, टोपी घातली आणि थांबलो. भाभींना म्हटलं, जरा थांबूया.

दिवसपाळी सुटल्यावर जहूर मागच्या गल्लीने आला. केसांत, दाढीत कापूस, डोळे लाल. मी दार उघडून उभा होतो. पहिला मी बोललो. म्हटलं, अजान राहिली आहे, ती तू द्यायचीस. मी मुलगी त्याच्या हातात ठेवली. त्याने हात-तोंड धुतलं, मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड केलं आणि तिच्या उजव्या कानात पुरी अजान दिली, हळू आवाजात, एकेक शब्द जपून.

डाव्या कानात इकामत, नमाज सुरू होतानाची हाक, म्हणायची असते. तिथे तो थांबला. तुम्ही जाणताच, आपण शाफई पंथाचे, इकामतीतले बोल एकेकदा म्हणतो; ते हनफी, दोन-दोनदा म्हणतात. तो म्हणाला, मूल तुमचं आहे, हा कान तुमच्या रीतीचा, बापाच्या तोंडचा. आणि मुलगी त्याने परत माझ्याकडे दिली.

मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि इकामत सुरू केली. 'हय्या अलस्सलाह', नमाजेला या, एकदा म्हटलं. जहूर समोर मान खाली घालून उभा होता. मग मी ते दुसऱ्यांदाही म्हटलं. त्यापुढचे बोलही मी त्याच्या रीतीने दोन-दोनदा म्हटले.

आपला ऋणी,
बदरुद्दीन