यंदाची दारफळणी घरीच

शुक्र. १८ सप्टें. २००९

कर्र… कर्र… कर्र… टप.

दुपारी झोपेत आजोबांचा घाणा ऐकला. चिरनेरचं अंगण, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल, लाकडाची कुरकुर, तेलाचा वास. शुक्रवारी ऊन माडाच्या शेंड्याला गेलं की आजोबा बैलाच्या पाठीवर थाप मारायचे, "बस रे बाबा." घाणा थांबायचा तो रविवारपर्यंत. गावात शनिवारी काम थांबवणारे आम्हीच. म्हणून तर शनवारतेली म्हणायचे आम्हा बेने इस्राएलांना. मला खरा आठवतो तो थांबण्याचा आवाज. क्षणभर कान बधिर. मग हळूहळू कावळे, ओढा, आजीच्या बांगड्या. हे सगळं आठवडाभर होतंच की, पण ऐकू यायचं शुक्रवारी.

उद्या आमचा नव्याचा सण, आणि उद्याच चौकात घट बसणार. सकाळपासून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग."

आमच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, जाणार नाही. ठरलंय ते ठरलंय.

खोबरेल संपत आलं, आणणे. आता पुरे, ऊन चाललं. माझ्या मिल्काचा काचेचा दिवा लावायचाय, ती गेल्यापासून मीच लावतो.

शनि. १९ सप्टें., दिवेलागणीनंतर

गेलो नाही. खिडकीशी चहा घेतला, देवाशी बोललो. मराठीतच. मला हिब्रू वाचता येतं, पण बोलता कुठे येतं? आणि न बोलता नुसतं वाचून दाखवायला तो काय परीक्षक आहे?

शेजारचे जोग आले. वीजमंडळातून निवृत्त, घरात एकही देव नाही याचा फार अभिमान. म्हणाले, "काय मास्तर, तुमच्यात आज नवीन वर्ष ना? मशिदीत नाही गेलात?" (रिक्षावाल्याला 'मशीद' म्हटलं की तो मोहल्ल्यात नेतो, 'ज्यूंची' म्हणावं लागतं. जोगांना तेवढं माहीत आहे.)

म्हटलं, "सोडली मशीद. वर्ष झालं."

त्यांनी हातच हातात घेतला. "अभिनंदन! उशिरा का होईना, आलात आमच्यात. नास्तिक!"

"नास्तिक तुम्ही. मी फक्त पत्ता बदललाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो पूर्वी तिथे भेटायचा, आता इथे भेटतो. तुमच्या खुर्चीवरच बसला होता मघाशी."

जोग चटकन उठून उभे राहिले! मग स्वतःवरच चिडले. चहा न घेता गेले. आज खूप दिवसांनी एकटाच मोठ्यांदा हसलो.

मंगळ. २२ सप्टें.

खिरीचा सण. नारळाच्या दुधात तांदूळ शिजवले. तळाशी लागली. वरवरची खाल्ली, बरी होती. मिल्का असती तर पातेलं बघून आधी मला हाकललं असतं.

लेकीचा, दिनाचा फोन, इस्राएलमधल्या अश्दोदहून. तिचा आवाज आधीच रडवेला.

"पप्पा, मामाशी बोलले. नऊच जण उरलेत."

मला माहीत होतं. कळंबोलीच्या लोखंडबाजारातला इसाजी मे महिन्यात मुलाकडे इस्राएलला गेला, तो दहावा होता. दहा बाप्ये जमल्याशिवाय पोथी बाहेर काढत नाहीत आणि गेलेल्यांच्या नावाची प्रार्थना होत नाही. नव्याच्या सणाला ठाण्याचा एक पाहुणा मिळाला, त्यावर निभावलं. दारफळणीला कोण आपलं गाव सोडून येणार? वर्षाचा सगळ्यात मोठा उपास.

"पप्पा, आईचं नाव नाही घेतलं जाणार या वर्षी."

"मी घेतो ना रोज."

"तसं नाही हो. तसं नाही…"

फोन कटला की तिने ठेवला, कळलं नाही.

मिल्काला पुरलं तो दिवस आठवला. मी मूठभर माती टाकली आणि माझी घाण्याची ओवी म्हणायला लागलो. शाळेत असताना केलेली, कवितेच्या तासाला मास्तरांनी चालीवर म्हणून घेतली होती. मिल्का चपात्या लाटताना म्हणायची:

घाणा फिरे सहा दिस, सातव्याला तो थांबला,
थांबलेल्या त्या घाण्याशी, देव येऊन बसला.

पहिली ओळ झाली आणि हसाजीने खांद्यावर हात ठेवला. "दाऊद, इथे कविता नको." हसाजी म्हणजे मिल्काचा थोरला भाऊ. आमच्या मशिदीचा मुकादम. लहानपणी माझ्याच बाकावर बसणारा. वाईट बोलला नाही, ओरडला नाही. पण दुसरी ओळ माझ्या घशातच राहिली, आणि तिच्यावर माती पडली.

राग महिन्याभरात गेला. पण मग पाहिलं, तर परत जावंसंच वाटेना. घरी तो जास्त बोलतो. हे दिनाला कसं सांगू?

गुरु. २४ सप्टें.

मासळी बाजार. पमीबायच्या पाटीत जिताडा होता. वाकून उलटं बोट फिरवून खवले बघतोय, तर बाजूला आणखी एक बोट तसंच फिरतंय. मान वर केली. हसाजी!

दोघांनी पुन्हा खवल्यांत बोटं घातली. पमीबाय कसली गप्प बसते. "मास्तर, तुमी दोगं एकाच पाटीवर वाकलाव, नि बोलत नाय? मेवणे ना तुमी?"

मी म्हटलं, "तू तोल गं."

"मी काय म्हनते, तुमी आता कोलबी न्या की! ताजी हाय. मशिदीत जात नाय ना तुमी, आता कोन बगतंय?"

बिनखवल्याची कोलंबी आम्हाला वर्ज्य, हे तिला पक्कं ठाऊक. अख्ख्या ओळीतल्या बाया हसल्या. मी म्हटलं, "पमीबाय, मशीद सोडली. खवले नाही सोडले."

हसाजी पाटीकडे बघतच म्हणाला, "माशाचे खवले तपासायला वेळ आहे. दहावा होऊन उभं राहायला नाही."

"मला मोजायला बोलावतोस की प्रार्थनेला?"

"मोजल्याशिवाय प्रार्थना होत नाही, दाऊद. हा नियम मी नाही केला."

"मीही नाही केला."

पिशवी उचलून तो दोन पावलं गेला. परत वळला. "तुझ्या दाराशी मी येणार नाही. बहीण होती तेव्हा यायचो."

जिताडा त्यानेच नेला. मला बोयटं. पमीबायने एक जास्तीचं टाकलं, बहुतेक कीव आली.

शुक्र. २५ सप्टें.

झोप नीट नाही. हसाजीशी मनातल्या मनात भांडत होतो, म्हणून इथेच भांडतो.

अरे, चिरनेरला कुठे होती मशीद? आजोबांच्या आजोबांकडे पोथी होती? एक शमाचं वाक्य, देव एकच आहे म्हणणारं, तेवढंच येत होतं त्यांना. मूल जन्मलं, शमा. माणूस गेलं, शमा. वीज कडाडली, शमा. गाय हरवली तरी आजी पडवीत उभी राहून शमाच म्हणायची, आणि गाय यायची! एक वाक्य, एक शनिवार, माशाचे खवले. एवढ्यावर शेकडो वर्षं देव सांभाळला त्या तेल्यांनी. ना मुकादम, ना हजेरी. मग मी काय नवीन करतोय? मी तर जुनं करतोय.

आणि दारफळणी! तिचं नावच दार लावण्यावरून पडलंय. संध्याकाळ ते संध्याकाळ घर बंद, पांढरे कपडे, पाणीसुद्धा नाही, कुणाला शिवायचं नाही. बाहेरच्या लोकांनाही माहीत. पाटलांचा गडी न विचारता आमचा बैल ओढ्यावर नेऊन आणायचा. मी दाराच्या फटीला डोळा लावून बसायचो. आजी म्हणायची, "बाहेर काय बघतोस? आज आपले गेलेले सगळे पाहुणे आत आलेत. जागा दे." मी खरोखर सरकून बसायचो. भिंतीशी कुणीतरी टेकल्यासारखं वाटायचं.

म्हणजे मिल्काही येणार. ती कुठे येईल? मशिदीत, की तिच्या स्वयंपाकघरात?

ठरलं. यंदाची दारफळणी घरीच, चिरनेरसारखी.

(पण हसाजीच्या घरीही जाईल का ती? त्याचीही बहीणच…)

रवि. २७ सप्टें., दुपारी ४

पांढरा सदरा धुऊन इस्त्री केला. बटण मीच लावलं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. असू दे. खोबरेल आणलं, मोठा दिवा भरला, उद्या संध्याकाळपर्यंत पुरायला हवा. मिल्काचा पाट भिंतीशी मांडला. मांडताना वाटलं, जोगांनी पाहिलं तर काय म्हणतील. मग वाटलं, म्हणू देत.

तेवढ्यात तेच. "मास्तर, उद्या दसरा. सोनं द्यायला येतो."

"उद्या दार उघडणार नाही. परवा या."

"का?"

सांगितलं. "मशीद सोडलेल्या माणसाला एवढं? मशिदीत जाणाऱ्यांना तरी एवढं असतं का हो?"

"त्यांनाही असतं."

हे मी का म्हटलं, कुणास ठाऊक. पण खरं आहे. हसाजी एका दारफळणीला ताप अंगात असताना उभा होता दिवसभर, बाजूचे म्हणत होते बस, बसला नाही. त्याच्याही बाजूने एकदा लिहून ठेवावं, म्हणून लिहिलं.

दिनाचा फोन आला नाही. जेवलो. आता कडी.

सोम. २८ सप्टें.

आज लिहू नये. शाई नको म्हणून पेन्सिल घेतली आहे. आजोबांना लिहिताच येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी या बाबतीत काही सांगून ठेवलेलं नाही. त्याचा फायदा घेतो. देवा, हे लिहिणं नाही, हे तुझ्याशीच बोलणं आहे. नसलं तर नसलं, लाव माझ्या नावावर.

बाहेर दसरा. झेंडूचा वास फटीतून आत येतोय. कुणाच्या तरी नव्या मोटारसायकलचा हॉर्न उगाचच वाजतोय, हार घातलेली असणार.

सकाळी शमा. मग मिल्काचं नाव घेतलं. मोठ्यांदा, पाटाकडे बघून. मग ओवी. पहिली ओळ म्हटली. दुसरी आली, पूर्ण आली, घशात काही अडकलं नाही. किती बरं वाटावं! वाटलंही. आणि लगेच असं वाटलं की खोलीत कुणीतरी "आमेन" म्हणायला पाहिजे होतं. कुणी म्हटलं नाही. पाट तसाच.

म्हणून काय मी चुकलो? नाही. एकट्याचं देव ऐकतो. हे मी मरेपर्यंत म्हणेन, हसाजीच्या तोंडावर म्हणेन. पण आमेन स्वतःचं स्वतःला म्हणता येत नाही, हे आज नवीन कळलं. देवा, यावर तुझं काय म्हणणं?

जीभ कोरडी. दिवा ठीक आहे.

दार वाजतंय. जोग असणार. सांगितलं होतं तरी! विज्ञानवादी माणसाला दम नसतो. वाजवू देत.

अजून वाजतंय. हाताने नाही. काठीने.

उठून फटीला डोळा लावला, चिरनेरसारखा. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायात रबरी चपला. कठड्याला धरून धापा टाकतोय. वहीपाशी आलो तो नुसता खात्री करायला की मी जागा आहे.

हसाजी.

दाराबाहेरून म्हणाला, "दाऊद, आहेस ना आत? आठ जणांना बसवून आलोय. मिल्काचं नाव घ्यायचं राहिलंय."

वही दाराशी आणली. कडीवर हात, दुसऱ्या हातात पेन्सिल.

"अरे, मी आत येऊ, की तू बाहेर येतोस? काय ते एक सांग. उपाशी जिने चढलोय."

म्हटलं, "थांब. पेन्सिल ठेवतो."