नसमाची मेंदी आणि माझी सही

मंगळवार, ७ ऑक्टोबर

परत फोन उचलला नाही! रिंग वाजते, वाजते, बंद होते. गाण्यांच्या कंपनीचे रऊफसाहेब रागावलेत, नक्की. ईदलाही उचलला नव्हता. कुणीतरी चुगली केली असणार — परवा दुकानात चादरींच्या घड्या घालताना मी गुणगुणले. एकच ओळ, तीही तोंड मिटून. समोरचा रसवाला ओरडला, "वा इजलाल, गळा उघडला वाटतं!" 

करारात स्वच्छ लिहिलंय: परवानगीशिवाय कुठेही गायचं नाही. लग्नात नाही, घरच्या समारंभातही नाही. मोडलं तर दंड — शुब्रा वस्तीतलं आमचं घर विकलं तरी फिटणार नाही एवढा. करार पाच वर्षांचा, त्यातली दोन गेली. एक गाणं रेकॉर्ड केलं, ते कुठल्या कपाटात पडलंय देव जाणे. आणि सही केली त्या दिवशी आईने अख्ख्या गल्लीला सरबत वाटलं होतं!

गुरुवार, ९ ऑक्टोबर

नसमाची मेंदी बावीसला ठरली. गळ्यात पडून म्हणाली, "ताई, मला दागिना नको, काही नको. तू गा, बस."

एकुलती एक धाकटी बहीण. मी म्हटलं, बघू.

बघू काय, कपाळ! जितक्या बायका तितके मोबाइल.

शनिवार, ११ ऑक्टोबर

फोन नाहीच.

सोमवार, १३ ऑक्टोबर

मायक्रोबसमध्ये रबाब भेटली. तीही अशीच, दुसऱ्या कंपनीत अडकलेली. "भाच्याच्या बारशाला गायले गं. कुणीतरी व्हिडिओ टाकला. लगेच वकिलाची नोटीस!" हसत सांगत होती, पण पर्सचा पट्टा नुसता पिळत होती.

उतरताना म्हणाली, "तुझा आवाज त्यांच्या त्या मोठ्या गाणाऱ्या बाईसारखा आहे ना? मग कशाला गाऊ देतील? तुला गप्प बसवायलाच घेतलंय, वेडे."

खरं असेल? मला जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आई म्हणते, "ऑफिसात जाऊन सरळ विचार ना. खातात का तुला?"

कसं जाऊ? मागे गेले होते तेव्हा रऊफसाहेब चहा ढवळत म्हणाले होते, "जे सारखे विचारायला येतात ना, त्यांची फाइल खाली जाते." खाली म्हणजे किती खाली? तेव्हापासून त्या रस्त्यालाही फिरकले नाही. जाऊन उगाच आठवण करून द्यायची — आणि मेंदीच्या दिवशीच माणूस पाठवला तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी तर चोरीसुद्धा केली नाही अजून!

बुधवार, २२ ऑक्टोबर

नाही गायले.

शेजारच्या तहानी मावशीने मातीचा एकतोंडी तबला मांडीवर घेतला, ताल धरला. बायकांनी टाळ्या सुरू केल्या. "गा गं! लाजतेस काय, नवरी तू आहेस का?" नसमा मेंदीचे हात पुढे धरून बसलेली, फक्त माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका मुलीने मोबाइल वर धरला.

"घसा बसलाय," म्हटलं. सकाळीच रुमालही गुंडाळून ठेवला होता गळ्याला. मग कुणीतरी स्पीकर लावला. त्यावर ती मोठी बाई गात होती!

नसमाचे हात ओले, म्हणून मी घास भरवायला गेले. तिने तोंड फिरवलं. मावशीच्या हातून खाल्लं.

आई स्वयंपाकघरात एवढंच म्हणाली, "आवाज कंपनीचा असेल. बहीण तर तुझी होती ना?"

खूप रडले. लाज वाटते मला माझी.

शनिवार, २५ ऑक्टोबर

नसमा सासरी गेली, सुएझला. जाताना मिठी मारली. पाहुण्यांना मारतात तशी.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

गेले शेवटी ऑफिसात. हातापाया पडून करार सोडवून घ्यायचा, म्हणून. जिना चढले. वर दारावर दातांच्या डॉक्टरची पाटी!

खाली येऊन दारवानाला विचारलं. "कंपनी? ती गेल्या वर्षीच बुडाली, पोरी. सगळं विकून साहेब देश सोडून गेले. तुला कुणी कळवलं नाही?"

म्हणजे नसमाच्या मेंदीला मी गाऊ शकले असते.