नुसता 'जांबोटी' टॅग

मंगळवार, संध्याकाळ. बेळगाव.

सुमनची गाय उठली असेल का?

काल व्याली आणि सकाळपासून बसूनच आहे. माझ्या या धाकट्या बहिणीनं शेतकऱ्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला, पण टॅग काय, तर 'जांबोटी'. नुसता जांबोटी! फोनवर झापलं, तर म्हणते, "आक्का, गाव सांगितल्याबिगर कोण वळखतंय गं आपल्याला?" इथं सगळ्यांचं हेच. गुंजीचा माणूस गुंजी लावतो, हिंडलग्याचा हिंडलगा. जनावरांचे डॉक्टर मात्र आजारावरून शोधतात. मग दिवसभर उत्तर येईल कुठून?

"मग तूच घाल की, शिकलीयास न्हवं?" असा टोमणा मारून तिनं फोन ठेवला.

'गाय' आणि 'व्याल्यावर उठत नाही' असे दोन टॅग मी जोडले. चहा गार व्हायच्या आत खानापूरच्या एका डॉक्टरांचं उत्तर आलं. आजच शिरेतून कॅल्शियम द्यायला हवं, उद्यावर टाकू नका. ते स्वतःच निघालेत. सुमनची वस्ती रानात आहे, तेव्हा फाट्यावर कुणीतरी उभं राहा म्हणतात.

आणि आता सुमनचा फोन लागत नाही. रेंज गेली असणार. शेजारच्या आप्पांचाही बंद. गाय अजून तशीच बसलेली असेल, आणि ही तिच्याजवळ गोठ्यात बसून समजत असेल की आपला प्रश्न कुणी वाचलाच नाही.