माणूस असेपर्यंत दिवा

३० एप्रिल, आखाजी

आलो एकदाचे. देवपूरला, स्वतःच्या घरात. सकाळी अक्षय्य तृतीयेची घागर पुजली, नव्या ओट्यावर दूध उतू घातलं, आणि मग माझ्या नवऱ्याने, योगराजने, अक्कांना वॉकरसकट हळूहळू सगळ्या खोल्यांतून फिरवून आणलं. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. प्रत्येक दारात थांबून त्या एकच म्हणत होत्या, "बठ्ठं घर कसं चकचक करी राहिनं!" किती महिन्यांनी हसल्या.

माझी आखाजी यंदाही माहेरावाचून गेली. सावद्याहून भावाने केळीचा घड आणि टोपलीभर कैऱ्या पाठवल्या, त्यावर समाधान. शेजारच्या दिपमालाने खापरावरचे मांडे आणून दिले आणि बजावलं की काही लागलं तर नुसती भिंतीवरून हाक मारायची. बरी वाटली बाई.

संध्याकाळी योगराज नोकरीवर, गुजरातेत दहेजला परत गेला. कंपनीत सुट्टी मिळत नाही. जाताना म्हणाला, कामिनी, आता फक्त लाइटची बटणं ठरवायची राहिलीत, तेवढं बघशील ना. मला हसूच आलं. घराचा पाया घेतल्यापासून मी फरशा, नळ, दाराच्या कड्या, भिंतींचे रंग ठरवत आले आहे. वाटलं होतं, ठरवायचं सगळं संपलं. असो. घर आपलं आहे, तेही ठरवू.

२ मे

भाड्याच्या घरात पहाटे बटण चाचपडताना अक्का पडल्या, कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून योगराजच्या डोक्यात एकच आहे, नव्या घरात अक्कांना बटणापर्यंत जावंच लागू नये, दिवा आपोआप किंवा नुसत्या तोंडी हुकमावर लागावा. तो तिकडून व्हिडिओ पाठवतो. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे, तेव्हा अक्कांची आंघोळ, नाश्ता, गोळ्या उरकल्या की मी ते बघत बसते.

वायफायवरची बटणं सगळ्यात सोपी, पण घरभर लावली तर राउटरचा जीव जाईल, आणि इंटरनेट गेलं की अक्कांनी दिव्याला नुसत्या हाका मारत बसायचं. बिनतारी बटणांच्या बाकीच्या पद्धतींपैकी झेड-वेव्हचं सामान इकडे मिळत नाही. थ्रेड नि मॅटर नवीन, त्याला जो तो अजून थांबा म्हणतो. राहिलं झिगबी. त्यात हॉलमध्ये एक छोटी डबी ठेवायची, तिला हब म्हणतात, आणि प्रत्येक बटण आलेला निरोप पुढच्या बटणाला देतं. पंगतीत द्रोण हातोहात पुढे सरकतात तसा निरोप पार शेवटच्या खोलीपर्यंत जातो. इंटरनेट नसलं तरी अडत नाही.

झिगबी ठरवलं. दुपारी वायरमन निंबा बोर्ड उघडून गेला. बोर्डात न्यूट्रलची तार सोडलेली नाही, ती नसली तर बंद केलेला दिवाही मिणमिणत राहतो, असं म्हणाला. नवी तार ओढून देणार आहे. या उन्हात बिचारा घामाने निथळत होता. मीही.

५ मे

आज सेन्सर ठरवला. साध्या सेन्सरला माणसाची हालचाल लागते. अक्का खुर्चीत तासन्‌तास हलत नाहीत, त्यांच्या डोक्यावरचा दिवा सारखा जाणार. म्हणून रडारवाला घेतला. त्याला छातीची बारीक हालचालही पुरते. माणूस नुसता श्वास घेत पडलेला असला तरी त्याला कळतं. खोलीत माणूस असेपर्यंत दिवा, माणूस गेला की अंधार. कोणत्या खोलीत कुणी आहे ते योगराजला तिकडे मोबाइलवर दिसणार. तो लहान मुलासारखा खूश झाला.

ठरवून झाल्यावर मी ओट्याशी नुसतीच उभी राहिले. कशासाठी आले होते ते आठवेना.

८ मे

सगळं लागलं आणि छान चाललं. उन्हामुळे सकाळी दहालाच खिडक्या लावून जाड पडदे ओढते, त्यामुळे दुपारी घरात अंधार असतो. अक्का वॉकर टेकत निघाल्या की पुढची खोली आपोआप उजळते. कोणी पुढे कंदील धरून चाललंय असं वाटतं. अक्कांना तोंडी हुकूमही जमला. "दिवा लाव" म्हणतात, लागला की स्वतःशीच हसतात. योगराजला फोनवर सांगताना माझाही ऊर भरून आला.

११ मे

दुपारी भांडी आवरून मागच्या खोलीत जरा आडवी झाले, तर दिवा गेला. हात हलवला, उठून बसले, खोलीभर फिरले. अंधारच. हाताने बटण दाबलं की लागायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा जायचा. योगराजला विचारलं. तो म्हणाला, मोबाइलवर मागची खोली रिकामी दाखवतेय. मी म्हटलं, अरे मी आहे ना इथे. तो हसला, तुला श्वास घ्यायलाही फुरसत नसेल, म्हणाला.

विनोद होता. मला दिवसभर लागून राहिला.

१३ मे

आज घात झाला असता. अक्कांना जेवायला वाढलं आणि मागे येऊन पडले, ती थेट दिवेलागणीला जाग आली. धावतच गेले. त्यांची दुपारची गोळी, चहा, बाथरूम, सगळं राहिलं होतं.

अक्का खुर्चीत प्रसन्न बसल्या होत्या. वेणी घातलेली. चहाचा कप शेजारी रिकामा. पायांना तेल लावलेलं, अजून ओलं. मला बघून म्हणाल्या, "आते तं उठी गयी तू आठेथून! दुपारभर मना पाय चेपी राहिंती. आज तुना हात किती हलका व्हता, माय."

झोपेतच उठून केलं असेल. सवयीचे हात आहेत, आपोआप चालत असतील.

१६ मे

आज झोपायचं नाही असं ठरवून भिंतीला टेकून बसले होते. डोळा कधी लागला कळलं नाही. उठले तर भांडी घासून पालथी घातलेली, कपडे घडी करून ठेवलेले, घड्या माझ्याच पद्धतीच्या. पलीकडे अक्का कुणाशी तरी हसत होत्या. मी गेले तेव्हा एकट्याच होत्या. दिवा मात्र त्या बसतात त्या कोपऱ्यातला नाही, दाराजवळचा लागलेला होता. मी दारात पोचले आणि तो गेला.

भ्यायला हवं होतं. भ्याले नाही. खरं लिहायचं तर बरं वाटलं. घर बांधायला काढल्यापासून पहिल्यांदा उठल्यावर करायचं काही उरलं नव्हतं. मी परत जाऊन पडले.

१८ मे

दिपमाला भिंतीशी भेटली. म्हणाली, काल किती छान गप्पा झाल्या आपल्या, तुम्ही एवढ्या हसऱ्या आहात हे माहीतच नव्हतं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, आज परत उतरलेल्या दिसता.

काल मी अंगणात पाऊलही टाकलं नव्हतं. मी काल झोपले होते.

घरात येऊन "दिवा लाव" म्हटलं. लागला नाही. ओरडून म्हटलं. आतून अक्कांनी विचारलं, "कोन शे तठे?"

१९ मे

निंबाला बोलावून म्हटलं, सगळे सेन्सर काढ, साधी बटणं बसव. तो खोलीत गेला, दिवा लागला. तो बाहेर आला, मी गेले. अंधार. तो परत आत आला, लागला. निंबा आधी हसत होता, मग हसायचा थांबला. वहिनी, जरा डॉक्टरला दाखवा, एवढंच हळू आवाजात म्हणाला. उद्या सामान घेऊन येतो म्हणून गेला.

२० मे

निंबा आला नाही. फोन केला. तो बुचकळ्यात पडला. "वहिनी, सकायले तुम्हीच तं फोन कया, राहू द्या म्हने. आनि आवाज तुमना असा का येई राहिना? दूरथून?"

मी सकाळी फोन केला नव्हता.

आता कळतंय. मी झोपते तेव्हाच ती, माझ्या रूपातली दुसरी, काम करते. आणि जेवढं काम करते तेवढी मी—

झोपायचं नाही.

२१ मे

जागी आहे. कालपासून. डोळ्यांवर पाणी मारते, उन्हात जाऊन उभी राहते.

दुपारी मेन स्विच पाडला. कूलर थांबला, घर तापलं, सगळीकडे काळोख. म्हटलं, आता बघू. अक्कांच्या खोलीशी गेले. अक्का बोलत होत्या. योगराज लहानपणी धरणगावच्या बाजारात हरवला होता ती गोष्ट. मला त्यांनी ती कधी सांगितली नाही. मला ऐकायला वेळ कधी होता?

दारातून हाक मारली. अक्का! दोनदा मारली. त्यांनी मान वळवली, माझ्यातून पलीकडे बघितलं आणि शेजारच्या काळोखाला विचारलं, "दार वाजनं का वं, कामिनी?"

मी जागी उभी होते, तरी आतून माझाच आवाज म्हणाला, "नाही अक्का. वारा असेल."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

२२ मे

योगराजला फोन. म्हणाला, आत्ताच तर तासभर बोललो आपण. मी सांगू लागले, ती मी नव्हते, अरे ऐक, ती— तो म्हणत राहिला, हॅलो, हॅलो, कोण बोलतंय? ठेवला.

सावद्याला जावं. फाटकाबाहेर गेले. रिक्षा थांबत नाहीत. हात केला, पुढे जाऊन उभी राहिले, एक तर अंगावरच— कशीबशी बाजूला झाले.

आणि गेले तर अक्का? तिच्यावर सोडून? ती त्यांना त्रास देत नाही. तेच तर. अक्कांचे गाल भरलेत. काल वॉकरशिवाय दोन पावलं टाकली त्यांनी, तिचा हात धरून.

माझ्या हाताने जमलं नव्हतं.

२३ मे

भाकरी केली. खाल्ली. चव नाही. ताटात तशीच दिसते.

दिपमालाला हाक मारली. ती झाडांना पाणी घालत होती. वर बघितलंच नाही.

झोप नाही. झोप नाही. उभी राहूनही डोळे—

आज तिला पाठमोरी बघितलं. हॉलमधून स्वयंपाकघरात. तिच्यापुढे दिवे लागत गेले. मागे विझत आले, माझ्यापर्यंत.

२४ मे, दिवेलागण

योगराज आला. फाटकाशीच उभी होते. इतक्या जवळून गेला की शर्टाला बसचा वास होता. हात धरायला गेले, तो खांद्यावरची बॅग सावरत पुढे—

हॉलमधून त्याने हाक मारली, कामिनी!

आले, म्हटलं मी.

आतून पण कोणी म्हणालं. आले.

शेवभाजीचा वास येतोय. अक्का हसतायत. तो म्हणतोय, किती दिवसांनी तुला अशी बघतोय. ओरडून झालं. भिंतीवर हात आपटून झाले. अक्का म्हणाल्या वारा सुटना वाटतं.

मागच्या खोलीत आलेय. खिडकीतून जेवढं दिसतं तेवढ्यात लिहिते. तो जेवून उठला की त्याच्यासमोर ही वही धरीन. अक्षर तर ओळखेल. अक्षर—

दिवा लागला.

इथला. या खोलीतला. आपोआप.

दारात ती. माझंच तोंड, फक्त डोळ्यांखाली काही नाही. माझ्याकडे बघतेय. खरंच माझ्याकडे. या घरात मला बघणारी आता हीच एक.

रागावली नाही. आत आली, चादर ओढून नीट केली, उशी थोपटली. म्हणाली, किती दमलीस गं.

हे मला कुणी म्हटलंच नव्हतं. रडायला आलं. हिच्यासमोर.

म्हटलं, झोपायचं नाहीये मला. अक्कांची गोळी—

दिली, म्हणाली.

दूध विरजायचं—

लावलं.

योगराजला— त्याला सांगायचंय, एकदाच, मी इथे—

सांगेन, म्हणाली. उशाशी बसलीय. कपाळावर हात. हलका आहे, अक्का म्हणाल्या तसाच.

उठायचंय. त्याचं जेवण होईल आता. चादर गार आहे. झोपणार नाही. जरा पाठ टेकते नुसती, मग उठून त्यांना सग