ताईने लावून दिलेली नोकरी

३ मार्च
पोहोचले एकदाची! ताई फाटकातच उभी होती. ती इथली मुख्य नर्स. तिने शब्द टाकला म्हणून मला नोकरी लागली. बैठी इमारत, बारा खाटा, प्रत्येक खाटेला स्वतःची खिडकी. इथली माणसं बरी होऊन घरी जात नाहीत. मी त्यांचा हात धरून बसायचं, एवढंच काम. ताई म्हणते, मरण म्हणजे आभाळ कोसळणं नव्हे; पिकलं पान गळणारच.

९ मार्च
शिंपीकाका आज दुपारी गेले. आठवडाभर घाबरलेले होते, तरी पडल्या पडल्या माझी उसवलेली बाही शिवून दिली, वर शिवणाऱ्याला शिव्याही घातल्या. शेवटी माझा हात धरला आणि निवांत झाले. मी रडले, पण भ्याले नाही. ताई म्हणाली, लवकर शिकतेस.

१६ मार्च
फाटकापर्यंत चालले तरी दम लागतो. ताई म्हणते, हवाबदल. खिडकीजवळच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, तुझी खाट कुठली? मी हसून सांगितलं, मी नोकरीला आहे. त्या म्हणाल्या, त्यांनाही पेशंटना पेपर वाचून दाखवायला बोलावलं होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीने आणून सोडलं. आणि शिंपीकाका म्हणे इथले पडदे शिवायला आले होते.

१८ मार्च
ताईचं कपाट उघडलं. माझ्या नावाची फाइल. तपासणी डिसेंबरमधली. ताईने मला सांगितलं होतं, सगळं ठीक आहे. खाली तिचंच अक्षर: ‘पेशंटला सांगू नये.’

१९ मार्च
विचारलं. ती रडली नाही. “आई किंचाळत गेली. तू बाहेर होतीस, मी पाहिलंय. तुझं तसं नको होतं मला.”
मी चौतीस वर्षांची आहे. कसलं पिकलं पान? तीन महिने माझे होते, ताई. तू ते—

२३ मार्च
फाटकाला कुलूप. शिक्षिकाबाई गेल्या. त्यांच्या खाटेवर आता मी. ताई भरवायला येते. तोंड फिरवते मी. मग भूक लागते—

२६ मार्च
नवी बाई आली. पेशंटचे केस कापायच्या नोकरीवर. भावाने आणून सोडलं, खूप खूश आहे. नखं निळी पडलीत तिची. तिला माहीत नाही—
माझा हात धरून बसलीय. भीती खरंच कमी होते. ताईचं एवढं मात्र खरं.
तिला सांगायला हवं. पण सांगितलं तर हात सोडेल—
काय लिहिताय, विचारते. म्हटलं, घरी पत्र. हसली. खोकली. ताई दारातून मान डोलावतेय, शाबास म्हणावं तशी—
सांगते. आत्ता सांगते. फक्त थोडा वेळ अजून हा हात