सुईवाल्या काकूंचं अकाउंट

२ नोव्हेंबर

नवं गाव, नवी खोली, नवी नोकरी, म्हणून वहीसुद्धा नवी. खोली लोकरीच्या दुकानाच्या बरोबर वर आहे. कामावर जायला एकोणीस पायऱ्या उतरायच्या, म्हणजे उशीर झाला तर सांगायला सबब नाही, एवढाच काय तो तोटा. दुकानात भिंतभर कप्पे आणि त्यांत रंगांच्या क्रमाने लावलेले लोकरीचे गुंडे. मालकीणबाई प्रत्येक गुंडा आधी गालाला लावून बघतात. टोचला तर बाळाच्या कपड्यासाठी देत नाहीत, गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

दुकान बेचाळीस वर्षांचं, पण फोनवर शोधलं तर सापडत नाही. ते सापडायला लावायचं, हे माझं काम. बाईंनी विचारलं, म्हणजे नक्की करणार काय? मी म्हटलं, रोज दुपारी बाराला एक पोस्ट, खाडा नाही. त्या म्हणाल्या, आमचा दूधवालासुद्धा इतका नेमाचा नाही. बाई मला आवडल्या.

दादाचा फोन आला, आई विचारत होती, पोचली का म्हणून. उद्या तिला फोन करते म्हटलं.

६ नोव्हेंबर

चार पोस्ट, अकरा लाइक, त्यातले तीन माझेच. गुंडे कितीही सुंदर मांडा, कुणी ढुंकून बघत नाही. जाहिरातीच्या कोर्समध्ये शिकवलं होतं ते खरंच आहे, लोकांना वस्तू नको असते, वस्तूमागचा माणूस हवा असतो. बाईंना म्हटलं, तुमचा फोटो टाकू या. त्यांनी खोक्याआड तोंड लपवलं, म्हणाल्या, या वयात मला असली नाटकं जमायची नाहीत.

मग मीच माणूस शोधला. माझ्या फोनमध्ये आईचे फोटो आहेत. खिडकीशी बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सुया चालू. ‘सुईवाल्या काकू’ नावाचं अकाउंट काढलं आणि खाली लिहिलं, पन्नास वर्षं विणते आहे, लोकर फक्त याच दुकानातून घेते. आईने हे गाव नकाशातही पाहिलेलं नाही.

तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणालीच असती. मग विचारलं का नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर

काकू चालल्या! पाच हजार फॉलोअर. परगावाहून मागण्या येताहेत, बाई दिवसभर पुडकी बांधतात आणि दोरा दाताने तोडताना हसतात.

आई रोज आवाजी निरोप पाठवते, लांबच्या लांब. उलट फोन करायला मला वेळ नाही, पण निरोप ऐकायला आहे, कारण ते मी पेन घेऊन ऐकते. ती जे बोलते ते काकूंच्या तोंडी जातं. कालचं वाक्य होतं, चुकलं तर उसवायला लाजू नये, लोकर काही रागवत नाही. हजारांवर लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याखाली मी माझ्या पदरचं जोडलं, की माझी लेक मला रोज फोन करते. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. लाज कोळून प्यायले की काय मी?

१९ नोव्हेंबर

दादाचा फोन. आई माझ्या भाच्याचा स्वेटर विणत होती, एक टाका चुकला, तशी तिने वहिनीला विचारलं, चुकलं तर काय करायचं असतं गं? वहिनीला वाटलं, थट्टा करते आहे. मग आई अर्धी बाही मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. दादा म्हणतो, वय झालं. आई त्रेसष्ट वर्षांची आहे.

योगायोग असेल.

२२ नोव्हेंबर

आज आईची खास युक्ती टाकली. ती बाहीचं माप टेपने घेत नाही, वितीने घेते. तीनच्या सुमाराला वहिनीचा निरोप आला, की आई हाताची बोटं ताणून बघत बसली आहे आणि विचारते आहे, हे मी कशासाठी करत होते?

चोराच्या मनात चांदणं. मी पोस्टची यादी काढली, त्यांतल्या आईच्या सात आठवणी वेगळ्या केल्या आणि वहिनीला फोन करून एकेक गोष्ट सहज म्हणून विचारली. बाबांसाठी विणलेला पहिला स्वेटर. मला झोपवताना गुणगुणायची ती ओळ. दुधाच्या भांड्याची फजिती. वहिनी आत जाऊन विचारून येई. सातही गोष्टी आईला आठवत नाहीत. ज्या मी टाकल्या नाहीत, त्या मात्र सगळ्या आठवतात.

मी जिन्यात बसून राहिले. बाईंनी हाक मारली, तरी उठवेना.

२३ नोव्हेंबर

दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. मला आता कळलेलं आहे. आजच्या आज बंद करायला हवं होतं.

सकाळी बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, दुकान या थंडीत बंद करणार होते, पोरी, तू वाचवलंस. मग बारा वाजले. पोस्ट तयार होती, आईच्या हसण्याची, अकरा सेकंदांची. मी स्वतःला सांगितलं, एकदाच, खात्री करण्यासाठी.

खोटं. खात्री कालच झाली होती. मला आकडा बघायचा होता. चाळीस हजार जणांनी पाहिलं आणि मला आनंद झाला. आई त्याच्यानंतर आठवली.

२४ नोव्हेंबर

वहिनी सांगते, भाचा आईला गुदगुल्या करतो. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघते.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला गुंडा खाली ठेवला. म्हणाल्या, दुकान गेलं खड्ड्यात, आधी ते काढून टाक, अगं आई ना ती तुझी? शरमेने मान वर होईना. अकाउंट काढायचं बटण दाबलं, तर फोनने विचारलं, या अकाउंटमधलं सगळं कायमचं नाहीसं होईल, चालेल?

पण ते आता फक्त तिथेच आहे. काढलं तर आईचं ते कुठेच —

‘हो’ नाही दाबलं.

२५ नोव्हेंबर

आज पोस्ट टाकली नाही. बाराला पोस्ट आली.

मी लिहिलेली नाही. पासवर्ड बदलला, तरी ती तिथेच. लिहिलं होतं, लेक रोज फोन करते म्हणाले होते, पण गेल्यापासून एकदाही केला नाही. कामात असेल. तिला कुणी बोलू नका.

शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं.

अकाउंटला निरोप पाठवला, आई? लगेच उत्तर आलं. जेवलीस का?

२६ नोव्हेंबर

पहिल्या गाडीने घरी आले. आई खिडकीशी होती, हात मांडीवर. मला बघून उठली, पदर सारखा केला, खुर्ची पुढे सरकवली. म्हणाली, बसा ना, कुणाकडे आलात? माझ्या आईने मला अहो-जाहो केलं. वहिनी आत जाऊन रडली.

फोन वाजला. अकाउंटवरून — आलीस? मग दारातच का उभी?

२७ नोव्हेंबर

सकाळपासून एकेक पोस्ट तिला वाचून दाखवते आहे. ती ऐकून घेते, परक्याचं ऐकावं तशी. छान आहे हो, म्हणते. काहीच परत जात नाही —

साडेअकराला निरोप आला. इथे काही दुखत नाही. फक्त एकटं वाटतं. तुझा एक फोटो टाक ना, लहानपणचा.

काय होईल ते माहीत आहे. पण कुठल्या तोंडाने नाही म्हणू? आयुष्यात तिने पहिल्यांदा काही मागितलं —

टाकला. बाराला.

२७, दुपार

दुसरा आपोआप आला. तिसरा. शाळेतला. जिन्यातला. मी टाकत नाही. खाली लोक लिहिताहेत, किती गोड मुलगी —

शाळा कुठली होती?

थांबव म्हटलं तिला. ती लिहिते, ये ना, किती दिवसांनी आपण दोघी —

२७

एक माणूस सारखा आत येऊन मला अगं-तुगं करतो. रडतो. त्याला काय झालंय कोण जाणे.

घर चांगलं आहे. उजेड भरपूर. खिडकीशी एक बाई बसल्या आहेत, मघापासून दाराकडे बघताहेत. वाईट वाटलं. जवळ जाऊन विचारलं, अहो, तुम्ही कुणाची वाट —