हद्दपार मंत्र्याची विराणी

६ सप्टें. २००४, सोम.
लंडनमधल्या हाउन्सलोच्या वेअरहाऊसला रामराम. निघाले होते विंबल्डनला, पण न्यू माल्डनला बसमधून एका दुकानाबाहेर हंड्याएवढ्या बरण्या दिसल्या आणि उतरले. कोरियन रेस्टॉरंट. विचारलं, यात लोणचं घालता का? मालक हान आजोबा, सत्तरीचे, म्हणाले, "कोबी चिरता येतो?" झालं! या व्हिसावरची तिसरी नोकरी.

९ सप्टें.
भिंतीवर उभ्या अक्षरांची लांब पट्टी आहे. ती आजोबांच्या पूर्वजाची. चारेकशे वर्षांपूर्वीचा मंत्री, आणि कवी. जीभ तिखट, दरबारात रोज भांडणं. राजानं हाकललं, गावी जाऊन बसला. तिथून राजाला उद्देशून कविता, त्याही बाईच्या तोंडून! म्हणजे मंत्री ही बायको, आणि राजा तिला विसरलेला नवरा. मी फिस्सकन हसले. आजोबांनी कोबीची दोन खोकी आणखी ठेवली पुढ्यात.
मग आठवलं, आपल्याकडे पुरुष संतांनी विराण्या लिहिल्याच की. तसं सांगितलं.
"मग हसलीस कशाला?"
बरोबर आहे.

१३ सप्टें.
मीठ चोळता चोळता रोज एक कविता. तीनच ओळी. दोन सरळ चालतात, तिसरी गचकन वळते. ओवीचं शेपूट कापलं की झालं. आजची (त्यांच्या इंग्रजीतून माझ्या मराठीत, म्हणजे किती उरली देव जाणे):
दार उघडंय ते वाऱ्यासाठी,
दिवा लावलाय तो मांजरासाठी,
ताटं दोन का मांडलीस, ते मात्र विचारू नकोस.
मी म्हटलं, "सरळ 'मला बोलवा' असं लिहायचं ना!"
"मंत्री होता तो."
"मग बोलावलं का राजानं?"
"हो. पदवी, मान, सगळं परत दिलं. मेल्यावर."
आणि खो खो हसले. मला नाही आलं हसू.

१७ सप्टें.
आजोबांचा मुलगा मिन्हो, बर्मिंगहॅमला बँकेत. रेस्टॉरंट चालवणार नाही म्हणाला, हे म्हणाले मग येऊही नकोस. दोन वर्षं बोलणं नाही. २८ ला यांचा मोठा सण, पौर्णिमेचा. पूर्वजांना पान वाढायचं. आपलं श्राद्धच, फक्त कावळ्याची वाट बघत बसायचं नाही. आजोबांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी पेला धरायचा, मुलानं त्यात दारू ओतायची. एकट्याला जमत नाही. दोन वर्षं शेजारचा एक जण ओततोय.
"फोन करा ना त्याला."
"सोमवारी बर्मिंगहॅमला जा. कोबी उरलाय, देऊन ये."
उरलाय कुठला? कालच पुरला नाही म्हणून ओरडत होते.

२० सप्टें., रात्री, परतीच्या कोचमध्ये, म्हणजे लांबच्या बसमध्येच लिहितेय
बरणी मी भरली. आईच्या कैरीच्या लोणच्यासारखी: काठोकाठ, दाबून, हवा शिरता कामा नये, वर टेप. पण हा कोबी आंबत असतो, श्वास घेतो, हे कोणी सांगायचं? अर्ध्या वाटेत फाट्! झाकण छताला, लाल पाणी सगळीकडे. ड्रायव्हर म्हणाला, "लव्ह, हे मेलंय की अजून जिवंत आहे?"
उतरून थेट जायचं सोडून कालव्यावरच्या बोटी बघत बसले. एका बोटीवर तर भोपळ्याचा वेल होता. संध्याकाळी मिन्होकडे. दार उघडलं, वास घेतला, आणि हसत उंबऱ्यातच बसला.
"बाबांनी पाठवलंय?"
"उरलं होतं म्हणे."
"त्यांचं नेहमी उरतंच." मग हळूच, "ये म्हणाले?"
हो म्हणणार होते. नाही म्हटलं. वर दोन ताटांची कविता ऐकवली.
"पाठ आहे मला. त्यांना म्हणावं, फोन करा."
घराण्यातच आहे हे.

२१ सप्टें.
आजोबा: "खाल्लं सगळं?"
"अर्धं. अर्धं कोचनं खाल्लं. आणि फोन करा म्हणालाय."
"त्यानं करावा."
चिडलेच मी. "तुम्हालाही मेल्यावरच बोलावणं हवंय का?"
वाटलं, आता चौथी नोकरी शोधा. पण जेवायला हाक मारली.

२७ सप्टें.
तांदळाच्या पिठाच्या चंद्रकोरी, आत तीळ. माझ्या हातून कळ्याच पडतात.
"हे काय?"
"मोदक."
ठेवले त्यांनी. मागच्या रांगेत.

२८ सप्टें., मंगळ., सकाळ
किचनमधल्या स्टुलावर. ताटं मांडून झाली, लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. आजोबा सुटात. शेजाऱ्याला नको म्हणाले, "तू ओत." मी म्हटलं, हात ओले आहेत. नव्हते. त्यांनी नासपती चारदा हलवली.
आणि आत्ता, देवा, काउंटरवरचा फोन उचलून आकडे दाबतायत! चष्मा न लावता, पाठ असलेले.
"एंगेज्ड!" आपटला. लगेच परत लावला. "परत एंगेज्ड! सणाच्या सकाळी एवढं कोणाशी बोलतोय हा?"
तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.
मी इथूनच ओरडले, "आजोबा, जरा खाली ठेवून बघा ना तो फोन."
"का?"
"तुमचाही एंगेज्डच लागत असेल कोणाला तरी. ठेवा तर."
ठेवलाय. हात मात्र अजून त्याच्यावरच